राखीव खाटेस अनावृत पत्र

श्रीमती राखीव खाट यांस,
मुक्काम : कुठल्याही धर्मादाय रुग्णालयाचा कोपरा



आपल्याला भेटायची फार इच्छा होती, पण आपण कायम ‘भरलेल्या’! मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयातल्या दहा टक्के खाटा निर्धनांना फुकट, दहा टक्के दुर्बलांना सवलतीत. तेव्हापासून आपला लौकिक मोठा, दर्शन दुर्मीळ. (आपल्याला म्हणे आमदारांची चिठ्ठी लागते. आम्ही विश्वास ठेवत नाही.)

आम्ही जालन्याचे. आमच्या गावाला ‘सोने का पालना’ म्हणत. हल्ली त्या पाळण्यात लोखंड वितळतं. भंगारात पाणी किंवा बंद डबा गेला की भट्टी उसळते. ऑगस्ट 2024 मध्ये अशाच एका दुर्घटनेत वीसच्या आसपास कामगार जखमी झाले.

भाजलेला गडी डिस्चार्ज घेतो, तेव्हा बरा झालेला नसतो. कातडी आखडू नये म्हणून व्यायाम हवा, ड्रेसिंग हवं, अंडी-डाळ हवी, पंखा हवा. मिळतं ते पत्र्याच्या खोलीतलं अंथरूण, तेही दुसऱ्या पाळीवाला उठला तर. कामगार विम्याचं कार्ड असेल तर पगाराच्या नव्वद टक्क्यांपर्यंत भरपाई मिळते, कबूल. पण ती टेकायला जागा देत नाही. आणि ठेकेदाराच्या माणसाकडं पुष्कळदा कार्डच नसतं.

मग तो आपल्याकडं का येत नाही? निर्धन ठरायला वार्षिक उत्पन्न 1,80,000च्या आत हवं. महिना 15,100 कमावणारा वर्षाला 1,200 रुपयांनी श्रीमंत ठरतो! त्याहून कमी कमावणाऱ्याला दाखला लागतो. गडी बिहारचा, म्हणून दाखला देणारा साहेबही बिहारात, आणि तिथवर जायला आधी बरं व्हावं लागतं.

म्हणून विनंती, आपण सार्वजनिक आरोग्य खात्याकडं या. घाबरू नका. कामगार विम्याची बरीच रुग्णालयं त्याच खात्याच्या सोसायटीकडं आहेत. तिथं कुणाची झोपमोड झाल्याचं ऐकिवात नाही. कोनशिलेवर विश्वस्तांची नावं राहतील, करसवलतही राहील. खात्यानं एवढंच करावं : रिकाम्या खाटांचा आकडा रोज दारावर खडूनं लिहावा, दाखल्याऐवजी भाजलेला हात पाहावा, आणि त्या हातानं घास तोंडापर्यंत जाईस्तोवर माणसाला हाकलू नये. खर्चासाठी बिलाच्या दोन टक्के ‘निर्धन रुग्ण निधी’ आपल्याच नावानं बाजूला निघतो. त्याचा हिशेब उलट टपाली कळवावा.

आपला,
जालन्याचा एक करदाता

ता.क. : गादीवरचं प्लास्टिक एवढ्या वर्षांत काढलं नसेल, तर आता काढा. भाजलेल्या अंगाला चिकटतं.