नकार न देणारा कंपायलर

लखनौच्या चौकात, गोल दरवाजापाशी, चिकनच्या कुर्त्याचा भाव निम्म्यावर आणा. दुकानदार 'नाही' म्हणणार नाही, 'दुकान आपलंच आहे, हुजूर' म्हणेल. जीसीसी हा कंपायलर याच गल्लीत वाढला असावा. आज्ञेत '-एएनएसआय' लिहिलं की सी भाषा १९९० च्या मानकाला बांधली गेली, असं भाबडा माणूस समजतो. माहितीपुस्तिका हळूच सांगते की एवढ्यावरून मानकाबाहेरचा प्रोग्रॅम नाकारला जाणार नाही. सोबत '-पेडॅन्टिक' हवं. तेही लावलं, तर मिळतात बहुतेक इशारेच. नकार हवा असेल तर '-पेडॅन्टिक-एरर्स'! शिवाय हेच '-एएनएसआय' सी++ला लावलं की १९९८ चं मानक लागू. (पुस्तिका एका जागी कबूलही करते, की पेडॅन्टिक लावणाऱ्यांचा लवकरच थोडा हिरमोड होतो. प्रांजळपणा आहे, सोय नाही.)

काहीच न लिहिणाऱ्याचं काय? २०२५ च्या पंधराव्या आवृत्तीने त्याला परस्पर सी२३ या नव्या मानकावर नेऊन बसवलं. 'बूल' हा राखीव शब्द झाला आणि जुन्या कोडातली 'टाइपडेफ इंट बूल' ही बिनतक्रार ओळ थेट एरर ठरली. म्हणून आता जुन्या मानकाकडे परतायला मेकफाइलींत '-एसटीडी=जीएनयू१७' डकवणं चालू आहे.