इंजिन अजून खोललेलं नाही

लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात सकाळी गाड्या रांगेला लागल्या, की नाना आपल्या पिकपचा सेल्फ मारून दाखवतात. गरज काहीच नसते. गाडी आत्ताच आलेली, इंजिन गरम, मागे वीस-बावीस क्विंटल उन्हाळ कांदा. तरी ते किल्ली फिरवतात, इंजिन लागतं, लगेच बंद करतात आणि खिडकीतून मान बाहेर काढून विचारतात, ‘‘ऐकलं का मास्तर? अर्ध्या सेल्फला!’’

गरम इंजिन अर्ध्या सेल्फला लागायचंच. पण हे नानांना सांगण्याची छाती माझ्यात नाही. माझी गाडी नाही, माझे चार पोती कांदे वर्षानुवर्षं त्यांच्याच हौद्यात जातात.

नानांची गाडी कोणत्या कंपनीची हे मी लिहिणार नाही. लिहिलं तर उरलेल्या कंपन्यांचे नाना मला चहाला बोलावणार नाहीत. आणि नाना ही एक व्यक्ती नव्हेच, ते पद आहे. रांगेत चार गाड्यांआड एक नाना सापडतो. कुणी बोलेरो पिकपचा, कुणी छोट्या हत्तीचा, कुणी दोस्तचा, तर कुणी त्या जुन्या ४०७चा, जी १९८६ साली आली आणि अजून काहींच्या मनातून उतरलेली नाही. माणसं वेगळी, मजकूर एकच.

तो मजकूर असा: ‘‘घेतल्यापासून इंजिन खोललेलं नाही.’’ वाक्य म्हणताना आवाज थोडा खाली येतो. मुलीच्या चारित्र्याबद्दल बोलावं तसा.

मी एकदा चुकून म्हणालो, ‘‘नाना, गेल्या दिवाळीला हेड उतरवलं होतं ना?’’

‘‘मास्तर, हेड उतरवणं म्हणजे इंजिन खोलणं नव्हे. टोपी काढली म्हणून माणूस उघडा पडतो का?’’

‘‘आणि रिंगा?’’

‘‘रिंगा झिजत्यातच. इंजिन नाही झिजत.’’

नोझल बदलले तो दोष डिझेलचा. पंप दुरुस्त केला तो दोष मागच्या मिस्तरीचा. पाटे तुटले तो रस्त्याचा. क्लचप्लेट गेली ती पोराने घाटात अर्ध्या क्लचवर गाडी धरली म्हणून. गाडीत म्हणून काही बिघडत नाही, बिघाड बाहेरून येतो. किती चाललीय विचाराल, तर मीटर बंद पडून बरीच वर्षं झाली. त्यामुळे आकडा दोन लाख की साडेतीन, हे त्या दिवशी समोर कोण उभं आहे त्यावर ठरतं.

समोर बहुतेक वेळा बापू असतात. त्यांची गाडी दुसऱ्या कंपनीची. दोघांची शेतं बांधाला बांध, दोघांच्या घरी एकमेकांकडून विरजण जातं, मागच्या वर्षी नानांच्या आजारी बैलाला बापूंनीच रात्री डॉक्टर आणून दिला. पण बोनेट उघडलं की सोयरीक संपली. मग कुळी निघते. लग्न जुळवताना निघावी तशी, मामेकुळासकट. टाटावाला सांगतो, आमचं जर्मन रक्त. १९५४ साली डाइमलर-बेंझशी करार झाला, पंधरा वर्षं चालला. महिंद्रावाला म्हणतो, आमचं इंजिनाचं घराणं फ्रेंच प्यूजोकडून आलं, पण कारखाना इगतपुरीला, म्हणजे पोरगी जिल्ह्यातच दिलेली; गाड्यांचा कारखाना तर सातपूरला, रात्री-अपरात्री माहेरी नेता येते. लेलँडवाला तिसरा मध्येच तोंड घालतो की आमचं बिलायती, त्यातून २०११ साली दोस्त आली ती जपानच्या निसानला भागीदार घेऊन. रांगेतला कांदा तसाच तापत असतो आणि इथे जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड, जपान सगळे हजर. पन्नास पैशांनी भाव पडला तर कुणाला बोलायचं हे ज्यांना कळत नाही, त्यांना युरोपातले करार पाठ आहेत.

मी एकदा माझी मास्तरकी पाजळली. म्हटलं, रुडॉल्फ डिझेल नावाचा माणूस होता, त्याच्या पद्धतीचं एक इंजिन १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. नानांनी बराच वेळ विचार केला. ‘‘शेंगदाण्यावर चालतं, तर कांद्यावर चालायला काय अडचण होती त्याला? कांदा तरी तिकडे कमी भावात मिळाला असता.’’

त्याच भरात मी सांगून टाकलं, की डिझेलच्या इंजिनाला पेट्रोलसारखा प्लग लागत नाही. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनंच फवारलेलं डिझेल पेटतं. सांगताना लक्षात आलं, नानांचंही असंच आहे. ठिणगी लागत नाही. समोरच्या कंपनीचं नाव दाबून उच्चारलं की काम झालं.

बीएस-सहा आलं तेव्हा मात्र नाना आणि बापू पहिल्यांदा एका बाजूला उभे राहिले. एप्रिल २०२०पासून नव्या गाड्यांना सेन्सर, फिल्टर, आणि काही गाड्यांत धूर साफ करायला युरियाचं पाणी. ‘‘शेताला युरियाची गोणी मिळंना,’’ नाना म्हणाले, ‘‘आणि आता गाडीलाही टाकायची का? पहिल्या पेरणीला की फुटव्याला?’’ बापू खो-खो हसले. तो दिवस मी डायरीत लिहून ठेवलाय.

बाजारात बाकी कशाचीच खात्री नसते, हे लासलगावात वेगळं सांगायला नको. ८ डिसेंबर २०२३ला निर्यातबंदी झाली तेव्हा आदल्या दिवसाचा भाव दुसऱ्या दिवशी ओळखूही येईना. व्यापाऱ्यांचा घोळका गाडीपाशी येतो, एकजण मूठभर कांदा चाळवतो, बोली वर जाते, थांबते, आणि वर्षाचा निकाल मिनिटभरात लागतो. मग भुईकाटा, मग खळं, आणि खळ्यावर माल खाली करताना ‘वरचा वेगळा, खालचा वेगळा’ म्हणून वांधा. नाना तिथे हात जोडून उभे असतात. पण गाडीपाशी परतले, बोनेटवर थाप मारली, की त्यांचा आवाज पूर्ववत होतो: ‘‘हिचा कधी वांधा निघाला नाही.’’

कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्रानं लासलगावात विकिरणाचा ‘कृषक’ प्रकल्प उभारला, २००२ साली. नानांच्या मतांना असल्या खर्चाची गरज पडली नाही. वर्षानुवर्षं चाळीत पडलीत, एक कोंब नाही.

आता गेल्या वैशाखातली गोष्ट. माझी चार पोती आणि नानांचा सगळा माल घेऊन आम्ही पहाटेच निघालो. पासिंग दीड टनाचं, हौद्यात अंदाजे अडीच. फाळका दोरखंडानं बांधलेला. विंचूर रस्त्याला गाडी दोनदा उचकली आणि शांतपणे थांबली. नानांनी सेल्फ मारला. अर्धा, पूर्ण, दीड. फक्त घरघर.

‘‘बंद पडली?’’ मी विचारलं.

‘‘बंद नाही पडली. थांबली.’’

खाली उतरून त्यांनी टाकीला कान लावला, पंपाच्या हातपंपावर अंगठा मारून हवा काढली, नटाखालून फेस आला, डिझेलचा वास आला, इंजिन काही आलं नाही. अर्ध्या तासानं मागून दिवे दिसले. बापू. मला वाटलं, आता नाना उसात लपतील.

बापूंनी गाडी थांबवली, काही बोलले नाहीत. तेवढं मात्र त्यांनी पाळलं. दोर काढला, आपल्या मागच्या हुकाला आणि नानांच्या पुढच्या हुकाला बांधला. नाना स्टिअरिंगवर बसले, मी शेजारी. दोर ताणला, गाडी हलली. त्यांच्या मालानं भरलेल्या गाडीनं आमची मालानं भरलेली गाडी ओढायला सुरुवात केली. लासलगावच्या दिशेनं उजाडत होतं.

नाना बराच वेळ समोर बघत होते. मग मान थोडी तिरकी करून बापूंच्या सायलेन्सरकडे पाहू लागले. खिशातून मोबाइल काढला, एका हातानं स्टिअरिंग धरून फोन लावला.

‘‘बापू, दुसऱ्यावर घे रे जरा. काळा धूर टाकतीय तुझी. मला वाटतं, खोलावं लागणार.’’