पहिल्या इयत्तेतले योगी

योगाचा एकच प्रकार धरून वर्षानुवर्षं तोच घोटत बसणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण खरी अभ्यासू वृत्ती बघायची तर आमच्या उदगीरच्या अण्णांकडे यावं. अण्णा सगळ्याच पद्धतींचे विद्यार्थी, आणि सगळीकडे पहिल्याच इयत्तेत. एकाच क्लासला दुसऱ्या दिवशी जाण्याचा उथळपणा त्यांनी कधी केला नाही.

याला इतिहासाचा आधार आहे. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी इथंच, उदगीरला, निजामाला नमवलं. तेवढ्यावर घरी गेले असते तर? पण उत्साह आवरला नाही, आणि पुढच्याच जानेवारीत पानिपत झालं. पहिल्या यशावर थांबावं, हे पुण्याला उमगलं नाही, अण्णांना उमगलं.

सुरुवात अय्यंगार पद्धतीनं झाली. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्याला आले, आणि पुढं पट्टे, लाकडी ठोकळे, दोऱ्या, लोड यांच्या आधारानं त्यांनी भल्याभल्या ताठ माणसांना आसनात बसवलं. अण्णा एका शिबिराला गेले. त्रिकोणासनात सरांनी आधी पंजाचा कोन सुधारला, मग टाचेचा, मग गुडघ्याचा. हात ठोकळ्यापर्यंत पोचेस्तोवर मांडी शिलाई मशीनसारखी थरथरायला लागली. शवासनात मात्र पाठीखाली लोड आला आणि अण्णांना या पद्धतीचं मर्म सापडलं. लोड घरी होताच.

मग म्हैसूरच्या पट्टाभि जोइसांचा अष्टांग विन्यास, मोबाइलवर. तिथं एका आसनातून दुसऱ्यात श्वासाबरोबर जायचं असतं. अण्णांचा श्वास पुढं गेला, अण्णा मागं राहिले. पण या परंपरेत शनिवारी सुट्टी, शिवाय अमावास्या-पौर्णिमेलाही. एवढा भाग अण्णांनी तत्काळ अंगीकारला आणि निष्ठेनं पाळला. शेवटी वहिनींनी विचारलंच, "ह्या महिन्यात अमुशा किती हायत वो?"

बिक्रम योगात २६ आसनं, नव्वद मिनिटं, आणि खोली चाळीस अंशांपर्यंत तापवलेली. अमेरिकेत लोक या उकाड्याचे डॉलर मोजतात. अण्णांच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी लाइट गेली की तोच उकाडा फुकट, आणि २६ आसनांची सक्तीही नाही. एका कुशीवर भागतं.

शास्त्राचा पाठिंबाही आहे. पतंजलींनी जवळजवळ दोनशे सूत्रांत आसनांवर तीनच खर्ची घातली. आसन स्थिर असावं, सुखाचं असावं, आणि त्यासाठी प्रयत्न सैल सोडावा, असं ते सांगतात. प्रयत्नाच्या बाबतीत अण्णा सूत्रकारांच्याही पुढं गेलेत. दीर्घकाळ, खंड न पाडता अभ्यास करावा, हेही पतंजलींनीच सांगितलंय. पण ते पहिल्या पादात, आणि अण्णांनी पुस्तक उघडलं ते थेट दुसऱ्या पादापासून.

२०१५ पासून २१ जूनला आंतरराष्ट्रीय योग दिन असतो. संयुक्त राष्ट्रांतल्या त्या ठरावाला १७७ देशांनी साथ दिली होती. अण्णांची मनोमन होतीच. पहिला दिवस तोच शेवटचा, असा क्लास एवढ्या देशांनी मिळून काढावा, यात त्यांना आपल्या पद्धतीचा गौरव दिसतो. त्या पहाटे मैदानावर ते अगदी पुढच्या रांगेत असतात, फोटोत येतील असे. मॅटवरची किमतीची चिठ्ठी तेवढी काढलेली नाही. नाही जमलं तर बदलून देतो म्हणालाय दुकानदार.