रिव्हर्स येतो का?

घरातल्या पोरानं ‘मला ट्रक शिकायचाय’ म्हटलं की आई डोळ्यांना पदर लावते, बाप ‘आणि बारावीचं काय?’ असं विचारतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामा येऊन बसतात. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. ते कुणाचे सख्खे मामाही नसतात. निवृत्त ट्रक ड्रायव्हर ही जमात तुमच्याही ओळखीची असणारच. गळ्यात टॉवेल, चहा बशीत ओतूनच पिणार, आणि रस्त्यावरून गेलेल्या गाडीचा नुसता आवाज ऐकून ‘क्लच प्लेट संपलीय’ असं निदान करून मोकळे. आमचे मामा निगडीच्या ट्रान्सपोर्टनगराजवळचे. तुमचे कळंबोलीचे असतील.

आमच्या मामांचा रोग तेवढा निराळा आहे. त्यांना रिव्हर्स झाला आहे.

“पुढं काय, कुणीबी नेईल,” ते म्हणतात. “पुढं न्यायला समोर काच हाय. मागं आणून दाखव.”

या एका मापानं मामा अवघं जग मोजतात. मुलीला स्थळ सांगून आलं तेव्हा पत्रिका, पगार, शेती यांतलं काहीही न विचारता त्यांनी मुलाला देवळाच्या बोळातून त्याची अल्टो मागे काढायला लावली. बिचाऱ्याला चार फेऱ्या लागल्या. लग्न झालं, नातवंडं शाळेत जायला लागली, जावई बँकेत मॅनेजर झाला. मामांच्या लेखी तो अजून ‘चार फेऱ्यांचा जावई’च आहे. सोसायटीतला एक मुलगा वैमानिक झाला म्हणून पेढे वाटले, तर मामांनी पेढा तोंडात टाकत विचारलं, “विमानाला रिव्हर्स असतो का?” नसतो, गेटपासून त्याला ट्रॅक्टरसारख्या गाडीनं मागे ढकलतात, असं मुलानं प्रामाणिकपणे सांगितलं. मामांनी दुसरा पेढा घेतला नाही.

माझा पुतण्या गावाहून आला तो ट्रकवर जायचं ठरवूनच. वय एकवीस, कारचं लायसन्स हातात. त्याला वाटत होतं, उद्या फॉर्म भरायचा आणि परवा दहा चाकीवर बसायचं. १९८८ चा मोटार वाहन कायदा असं बसू देत नाही. मालवाहू गाडीसाठी वय वीस पूर्ण पाहिजे, आणि हलक्या गाडीचं लायसन्स वर्षभर जुनं असल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं शिकाऊ लायसन्ससुद्धा मिळत नाही. पुतण्याचं आठ महिन्यांचं होतं. शिक्षणाची जुनी अट मुळात आठवी पासचीच होती आणि तीही २०१९ मध्ये निघाली, त्यामुळे अर्धवट बारावीचं लोढणं आड येणार नव्हतं, एवढाच दिलासा. उरलेले चार महिने मामांनी त्याला भाजीवाल्याच्या छोट्या हत्तीवर चिकटवून दिलं. काम मार्केट यार्डातून माल आणायचं. मामांची अट अशी की सोसायटीच्या गेटातून गाडी रोज उलटीच आत घ्यायची. चार महिने आम्ही सगळे कोथिंबिरीच्या जुड्यांसकट ‘येऊ दे, येऊ दे’ ऐकत उठलो.

मग स्कूल शोधायची मोहीम निघाली. मी शिक्षक, त्यामुळे शाळा निवडण्यातलं आपल्याला कळतं असा माझा समज होता. मामांनी मला मागच्या सीटवर बसवलं.

पहिलं स्कूल म्हणजे एक गाळा. भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता, त्याला उदबत्तीचा धूर लागून ‘प्रवेश बंद’ तपकिरी झालेलं. मालकानं दोन दर सांगितले, एक ‘लायसन्ससकट शिकवणी’चा आणि दुसरा नुसत्या लायसन्सचा. दुसरा दर जास्त होता. नियमाप्रमाणे जड वाहनाचं प्रशिक्षण किमान तीस दिवसांचं आणि त्यात प्रत्यक्ष स्टेअरिंगवर किमान पंधरा तास, हे मी पाठ करून गेलो होतो. मालकानं कौतुकानं मान डोलावली आणि फॉर्म पंधराची वही उघडली. कुठल्या विद्यार्थ्यानं किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत गाडी चालवली याची ती नोंदवही. अक्षर मोत्यासारखं, सगळ्यांचे तास काटेकोर पंधरा, आणि सगळ्या सह्या एकाच निळ्या पेनाच्या.

“रिव्हर्स कधी शिकवता?” मामांनी विचारलं.

“शेवटच्या दिवशी.”

“मग पहिल्या दिवशी गाडी शेडातनं बाहेर कोण काढतं?”

मालकानं मामांना तंबाखू दिली. मामांनी ती घेतली आणि तरीही उठले.

दुसऱ्या स्कूलचा ट्रक चक्क जागेवर उभा होता, चारही बाजूंनी ‘एल’च्या पाट्या लावलेला. मला तो पसंत पडला. मामांनी मात्र केबिनमध्ये चढून खाली मुंडी घातली ती बराच वेळ वर काढलीच नाही. शिकवण्याच्या गाडीला पेडलं दोन जागी असतात, एक संच शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक शिकवणाऱ्याच्या. मामांनी मला वर बोलावलं आणि बोटानं दाखवलं. शिकवणाऱ्याकडच्या क्लचचं रबर झिजून गुळगुळीत, कडेला पत्रा दिसतोय. शिकणाऱ्याकडच्या रबरावर कंपनीनं कोरलेल्या रेघा जशाच्या तशा.

“सर, ह्या गाडीत पोरं फक्त स्टेअरिंग धरून देवदर्शनाला बसत्यात. गाडी उस्ताद चालवतोय.”

मी एवढी वर्षं शाळा तपासणीला आलेले अधिकारी पाहिले, पण बाकाखाली डोकावलेला एकही आठवत नाही. हे मी मामांना अर्थातच सांगितलं नाही.

मामांनी आणखी दोन गोष्टी तपासल्या. गाडीत कधी वजन भरता का? नाही, रिकामीच फिरवतो. घाटात नेता का? नाही, विमा परवडत नाही. मग मामांनी तिथल्या चार पोरांना गोळा करून फुकट तास घेतला. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी ही दोन वेगळी जनावरं. ब्रेकच्या हवेचा काटा वर चढल्याशिवाय गाडी हलवायची नाही. बोरघाट ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतरायचं. न्यूट्रल मारून उतरलास तर डिझेल वाचतं ते मालकाचं; लायनर जळून ब्रेक लागेनासा होतो तेव्हा खाली दरी असते ती तुझी. पोरं वह्या शोधायला लागली होती. तेवढ्यात मामा म्हणाले, “आता खरी विद्या,” आणि रिव्हर्सवर घसरले. वह्या मिटल्या.

या सगळ्यावर सरकारनं २०२१ मध्ये उतारा काढला आहे. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रं, सहा आठवड्यांत अडतीस तासांचा अभ्यासक्रम, सिम्युलेटर, आणि तिथं पास झालं की आरटीओची ड्रायव्हिंग टेस्ट माफ. तशाच एका केंद्रात आम्ही गेलो. स्वच्छ वर्ग, आखलेला ट्रॅक, प्यायला थंड पाणी. मामांना नाव ठेवायला जागा सापडेना म्हणून ते कासावीस झाले. शेवटी शिकवणाऱ्या बाईंनीच त्यांना आग्रहानं सिम्युलेटरवर बसवलं. मामांनी पडद्यावरचा घाट झकास उतरवला, एका म्हशीला वाचवलं, आणि मग सवयीनं रिव्हर्स टाकला.

गाडी पडद्यावरच्या भिंतीत गेली. पुन्हा टाकला, पुन्हा भिंतीत. तिसऱ्यांदा यंत्रानंच गुण शून्य करून टाकले. पुतण्यानं तोंड फिरवलं, मी खिडकीबाहेरची झाडं पाहू लागलो.

“ह्यात मागं माणूसच न्हाई,” मामा खाली उतरत म्हणाले. “ऐकायचं कुणाचं?”

परतीच्या वाटेवर ते बोलत नव्हते. देहूरोडला चहाला थांबलो तेव्हा मीच काहीतरी बोलायचं म्हणून त्यांना सांगितलं की केंद्रीय मोटार वाहन नियमांत, १९८९ च्या, परीक्षेत गाडी मर्यादित जागेत उजवीकडे किंवा डावीकडे रिव्हर्स घेता आली पाहिजे असं स्पष्ट लिहिलेलं आहे. नियम पंधरा. मामांनी मला ते दोनदा म्हणायला लावलं. आणि मग, बहुधा त्या नियमाच्या आनंदात, त्यांनी कधी न सांगितलेलं सांगितलं.

त्यांच्या काळी स्कूल नव्हतं. पोरगं किन्नर म्हणून गाडीवर चढायचं. काच पुसायची, टायरमधली हवा टॉमीनं ठोकून ओळखायची, ताडपत्री ओढायची, दोर बांधायचे, उस्तादाचा डबा घासायचा आणि शिव्या खायच्या. झोप हौद्यात, मालावर. रात्री मोकळ्या रस्त्याला उस्तादाला झोप अनावर झाली, किंवा त्याची मर्जी असली, की स्टेअरिंग दोन-चार मैल हाती यायचं. अशी वर्षं जायची. दिवसभरात किन्नराला कोण माणूस म्हणून विचारत नसे. फक्त गोदामाशी गाडी मागे लावायची वेळ आली की तो खाली उतरून पाठीमागं उभा राहायचा, हौद्यावर दोन थापा मारल्या की येऊ दे, एक थाप मारली की थांब. तेवढी दोन मिनिटं तो सांगायचा आणि उस्ताद ऐकायचा.

“माझा उस्ताद लई कडक. पुढं जाताना बापाचं ऐकायचा न्हाई. पण मी एक थाप मारली की गाडी जाग्यावर.” मामांनी टपरीच्या लाकडी बाकावर एक थाप मारली. चहावाला दचकून थांबला.

आता किन्नर उरला नाही. मालक म्हणतात, दुसऱ्या माणसाचा पगार आणि भत्ता परवडत नाही. मागे कॅमेरा लावला की झालं. किन्नर गेला तशी ती शाळाही गेली, आणि मग देशात ड्रायव्हर मिळत नाहीत अशी हाकाटी सुरू झाली. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी देशाला बावीस लाख ड्रायव्हर कमी पडत असल्याचं सांगतात. हा आकडा पुतण्यानं मामांना मोबाइलवर दाखवला, नोकरीची चिंता नाही अशा थाटात. मामा म्हणाले, “बावीस लाख जागा रिकाम्या हायत त्या भरतील. न्हाव्याशेव्याला कंटेनर घेऊन रांगेत उभा राहिलास की मुतायला जागा कुठं हाय, ते कोण सांगतंय का मोबाइलमध्ये?” १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, ही बातमी मात्र त्यांना पटली. मे महिन्यात इंजिनाशेजारी बसून धुळे-मालेगाव केलेल्या माणसाला ती पटणारच. अर्थात त्यांनी पुस्ती जोडलीच: काचा बंद ठेवल्या तर मागची थाप ऐकू कशी येणार?

पुतण्याच्या एका मित्रानं जर्मनीचं काढलं. २०२४ मध्ये महाराष्ट्रानं तिकडच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात ड्रायव्हरही आहेत. तिकडे स्टेअरिंग डावीकडे असतं हे कळल्यावर मामा रात्रभर अस्वस्थ होते. सकाळी सहाला माझ्या दारात. “सर, मग मान कुठल्या खांद्यावरनं वळवायची?” मी टूथब्रशसकट दोन्हीकडे मान वळवून पाहिली आणि नाही सांगता आलं.

पुतण्या त्याच केंद्रातून शिकला, पास झाला. फीचे हप्ते माझ्या भावानं भरले; पहिला हप्ता कमी पडला तेव्हा तो कुणी भरला हे केंद्राची पावती सांगत नाही आणि मामा तर मुळीच सांगत नाहीत. फक्त त्या महिन्यात त्यांनी चहा उधारीवर प्यायला, हे टपरीवाल्यानं मला सांगितलं. एवढ्यावरून त्यांच्याबद्दल चांगलं बोलावं लागतं, याचा मला थोडा राग आहे, कारण दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्या स्कूटरला रिव्हर्स नसल्याबद्दल सर्वांदेखत माझा उद्धार केला होता.

पहिल्या मोठ्या फेरीहून परतताना पुतण्यानं चौदा चाकी ट्रान्सपोर्टनगरात आणली. दोन उभ्या गाड्यांच्या मधल्या जागेत ती मागे घालायची होती. मामा आधीपासून हजर. पुतण्यानं त्यांना दिसेल असा खांद्यावरचा टॉवेल काढून कॅमेऱ्याच्या पडद्यावर टाकला, काच खाली केली आणि मान बाहेर काढली. मामांनी दोन थापा मारल्या. गाडी यायला लागली. पुन्हा दोन. आजूबाजूचे ड्रायव्हर चहाचे ग्लास घेऊन बघायला उभे. मग एक थाप, आणि गाडी जागच्या जागी. मागच्या भिंतीपासून जेमतेम हातभर. मामांनी टॉवेलानं तोंड पुसलं, उगाचच बराच वेळ पुसलं, आणि जमलेल्यांना सांगितलं, “एका फेरीत. जावयाला कळवा.”

रात्री जेवताना मी पुतण्याचं कौतुक केलं. तो आमटी ओरपत म्हणाला, “काका, टॉवेल फाटका होता. भोकातून सगळं दिसत होतं. मामांना बोलू नका.”