पहारा गावचा, मालकी कोणाची?

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या गेटवर गणवेशातला रखवालदार उभा असतो. त्याच्या एजन्सीत परदेशी भांडवल किती चालतं? 2016 च्या धोरणाने 74 टक्क्यांपर्यंत. त्यातल्या 49 टक्क्यांपर्यंत तर सरकारला विचारायचीही गरज नाही.

आता जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यात चला. गावाचा पोलीस पाटील कोण नेमतं? 1967 च्या ग्रामपोलीस कायद्याने सरकारी अधिकारी.

म्हणजे पहाऱ्यात परदेशी गुंतवणूकदाराला वाटा आहे, ग्रामसभेला नाही!

‘या गावकऱ्यांना पहारा जमेल का?’ असं विचारणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्याचा इतिहास वाचावा. रामोशी गावं आणि किल्ले राखत. महादेव कोळी सह्याद्रीतले घाट आणि गड सांभाळत. गावात चोरी झाली तर रामोशाने माग काढायचा, नाहीतर भरपाई द्यायची. आजच्या कोणत्या एजन्सीच्या करारात हे कलम सापडेल?

मग कंपनी सरकार आलं. 1813 मध्ये लंडनने हिंदुस्थानचा व्यापार सगळ्या ब्रिटिश व्यापाऱ्यांना खुला केला. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि गडांवरच्या शिबंदीचं काम गेलं, हक्क गेले. व्यापाऱ्याला दार उघडलं, दार राखणाऱ्याला हाकललं.

रामोशी समाजातले उमाजी नाईक कंपनीविरुद्ध पुरंदरच्या मुलखातून उठले. 3 फेब्रुवारी 1832 ला त्यांना पुण्यात खडकमाळ आळीत फाशी दिली. महादेव कोळ्यांतले बंडखोर राघोजी भांगरे यांना 1848 मध्ये ठाण्यात. पुढे 1871 पासून गुन्हेगार जमातींचे कायदे आले. रामोशी आज विमुक्त जातींच्या यादीत आहेत.

चोर धरणाऱ्यांच्याच माथी चोरीचा शिक्का!

जगात काय चाललंय? कॅनडात 1991 पासून आदिवासी समाजांच्या स्वतःच्या पोलीस दलांसाठी सरकारी कार्यक्रम आहे. पैसे देताना सरकारांचा हात आखडता, हे खरं. पण नोव्हेंबर 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावरून क्वेबेक प्रांताच्या सरकारला भरपाई द्यायला लावली. हक्क कागदावर असला की निदान भांडता तरी येतं.

आणि व्यापार? अमेरिका, मेक्सिको, कॅनडा यांच्या 2020 च्या करारात कलम 32.5 आहे. आदिवासींबाबतची कायदेशीर बांधिलकी पाळताना हा करार आड येणार नाही, असं ते सांगतं. मुक्त व्यापारालाही कुंपण घालता येतं. घालायची इच्छा हवी.

भारतही करारांमागून करार करतोय. 2022 मध्ये अमिराती आणि ऑस्ट्रेलिया, 2025 मध्ये ब्रिटन. प्रत्येक करारात असं कलम ठळक अक्षरांत हवं. आदिवासी क्षेत्रांना राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीने दिलेलं संरक्षण वाटाघाटीच्या टेबलावर ठेवायची गोष्ट नाही.

‘ग्रामसभेला पहाऱ्यात वाटा दिला तर जातपंचायती माजतील,’ अशी भीती कोणी घालेल. सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा महाराष्ट्रातच झालाय ना? तो वापरा. मूठभर पंचांची दडपशाही वेगळी आणि सगळ्या गावाची ग्रामसभा वेगळी.

अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा पेसा कायदा 24 डिसेंबर 1996 चा. वाद सोडवण्याच्या रूढ पद्धती जपायला ग्रामसभा सक्षम आहे, असं तोच म्हणतो. मग गावाच्या शांततेचा माणूस निवडताना तिला का वगळायचं?

अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेच्या संमतीशिवाय पोलीस पाटील नेमू नका. त्यासाठी जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेला विचारावं लागत नाही. मुंबईत कायद्यात एक दुरुस्ती केली की झालं. ती करा.