वरचा अर्धा फळा

आठवीतल्या एका पोरीनं ते सगळ्यात आधी पकडलं. मी फळ्यावर समीकरण सोडवत होतो आणि ती मागच्या बाकावरून म्हणाली, "सर, वरचा फळा कामून मोकळा सोडता?" मागं सरकून बघितलं तर खरंच. वरचा अर्धा फळा कोरा करकरीत आणि खालच्या अर्ध्यात क्ष आणि य एकमेकांच्या अंगावर पडलेले. "मागच्यांना नीट दिसावं म्हणून," मी म्हणालो. खाली लिहिलेलं मागच्या बाकावरून दिसत नाही, हे तिलाही ठाऊक होतं अन् मलाही. पण मास्तरला तोंडावर खोटं पाडू नये, एवढी रीत आमच्या लेकरांत अजून आहे.

खरं कारण उजव्या खांद्यात होतं. हात कानाच्या वर जायचा बंद झाला होता. ही गोष्ट मी बायकोपासून, शाळेपासून आणि मुख्य म्हणजे गावापासून लपवत होतो. राणीसावरगावात मला गणिताचा मास्तर म्हणून फारसं कुणी ओळखत नाही. मी 'पैलवान सर'.

यातही एक घोटाळा आहे. मी आयुष्यात कुस्ती एकदाच खेळलो, रेणुकादेवीच्या यात्रेत, नारळाची. नारळ समोरच्यानं नेला. मी कमावली ती नुसती बॉडी. पण आमच्या भागात दंडावर बेटकुळी दिसली की माणूस पैलवान ठरतो. लाल माती कधी अंगाला लागली का, हे कुणी विचारत बसत नाही.

साल १९८६. देवळामागच्या पत्र्याच्या खोलीत आम्हा सहा पोरांची तालीम. लोखंडी प्लेटा घ्यायला खिशात दमडी नव्हती. मग तेलाचा पंधरा किलोचा डबा मधोमध कापला, दोन्ही अर्ध्यांत सिमेंट अन् खडी भरली आणि मधून हातपंपाचा जुना पाईप घातला. आठ दिवस पाणी मारलं. एवढी निगा आमच्यातल्या कुणी घराच्या बांधकामाचीही राखली नसेल. मग ते प्रकरण खांद्यावर घेऊन आडत दुकानाच्या काट्यावर नेलं. एक बाजू भरली १९ किलो, दुसरी २२. कापणाऱ्याचा हात तीन बोटं चुकला होता. नवा डबा करायला सिमेंट नव्हतं, तेव्हा दर सेटला पाईप फिरवून धरायचा असं ठरलं. ठरलेलं चार दिवस टिकलं. मला २२ ची बाजू उजवीकडं आवडायची. त्यामुळं माझा उजवा दंड आजही डाव्यापेक्षा जाड आहे, आणि खांदा गेला तोही उजवाच. हिशेब कुठं ना कुठं जुळतोच.

खुराक म्हणजे रात्री भिजवलेले हरभरे, मूठभर शेंगदाणे, ज्वारीची भाकरी आणि माय चोरून द्यायची ते दूध. बाप म्हणायचा, "एवढी वैरण बैलाला घातली असती तर दोन एकर नांगरून झालं असतं." त्याचं चुकत नव्हतं.

पुढं शिकायला परभणीला गेलो आणि तिथं जिल्ह्याच्या एका स्पर्धेत उतरलो. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आमचं जुनं ब्रीद छातीत भरून मी खोबरेल चोपडून दिव्यांखाली उभा राहिलो. गटात आम्ही चौघे. चौथ्यानं दोन दिवस पाणी तोडलं होतं, त्याला भोवळ आली आणि तो मंचामागंच खाली बसला. मला तिसरा नंबर मिळाला. ती ढाल अजून टीव्हीच्या वर आहे. कितीजणांत तिसरा, हे ढालीवर लिहीत नाहीत, ही फार चांगली पद्धत आहे.

त्या ब्रीदातली जर्मनी बॉडीच्या बाबतीत तरी खरी निघते. या धंद्याचा मूळ पुरुष यूजीन सँडो, जन्म १८६७, तेव्हाच्या प्रशियातल्या कोनिग्सबर्गचा. १९०१ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यानं शरीरसौष्ठवाची पहिली मोठी स्पर्धा भरवली. परीक्षकांत शेरलॉक होम्स लिहिणारे कॉनन डॉइल होते. नंतर तो हिंदुस्थानातही खेळ करून गेला. आज मिस्टर ऑलिम्पिया जिंकणाऱ्याच्या हातात ठेवतात ती मूर्ती त्याचीच. हा लोहपुरुष १९२५ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी गेला. रस्त्याकडेला गेलेली मोटार एकट्यानं उचलायला गेला आणि तेच भोवलं, असं सांगतात. मला सत्तावन्न पूर्ण आहेत. आमच्या दारात मोटार नाही, मोटारसायकल आहे. चिखलात ती रुतली की मी हल्ली शेजाऱ्याला हाक मारतो.

तर खांदा. दोन वर्षं मी त्याला बाम चोळत होतो, तेही शाळेच्या स्टोअररूममध्ये, कारण घरी वास आला असता. वर्गात आल्यावर पहिला बाक नाक चोळायचा. बिंग फुटलं ते बनियनमुळं. बॉडी दिसावी म्हणून बनियन एक नंबर कमी घ्यायची माझी जुनी खोड. एके संध्याकाळी ते काढायला गेलो, डोक्यापर्यंत वर आलं आणि उजवा हात तिथंच थांबला. ना वर, ना खाली. अंधारात, मुसकं घातलेल्या बैलासारखा, मी खोलीच्या मधोमध उभा. दोन मिनिटं मी स्वतःच्या ताकदीवर विश्वास ठेवला. मग हाक मारली. बायको आली, बघत राहिली, आणि म्हणाली, "अहो, हे कधीपासून?" तोंड बनियनमध्ये असताना खोटं बोलता येत नाही, हा माझा अनुभव आहे. तिनं शिवणाची कात्री आणली.

नांदेडला जाऊन एमआरआय काढला. डॉक्टरांनी सांगितलं, खांद्याच्या सांध्याभोवती चार छोटे स्नायू असतात, त्यातल्या सगळ्यात वरच्याची नस, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारा दोर, अर्धा फाटलाय. मी अडतीस वर्षं छाती घडवली, दंड घडवले, पाठ घडवली. या चौघांचं नावही ऐकलं नव्हतं. आरशात दिसत नाहीत ना बिचारे. तो दोर खांद्याच्या हाडाखालच्या चिंचोळ्या जागेतून जातो आणि हात वर नेताना तिथं घासतो. मला एकदम आज्याची मोट आठवली. मोटेचा नाडा चाकावरून जायचा, रोज तेवढाच, तिथंच. बाहेरून धडधाकट दिसायचा. एक दिवस भरली मोट वर येता येता तुटायचा, आणि आजा म्हणायचा की नाडा आज तुटला नाही, तो कधीपासून तुटतच होता. त्यातून या दोराला रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळं तो भरून यायला स्नायूपेक्षा फार वेळ घेतो. "बेंच प्रेस बंद. डोक्यावर वजन न्यायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "किती दिवस?" मी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. कागदावरचं माझं वय मात्र पुन्हा एकदा बघितलं.

परतीच्या एसटीत रिपोर्टच्या पाकिटावर मी गणित मांडलं. तिशीनंतर दर दहा वर्षांत माणसाचा साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातो, साठीनंतर वेग वाढतो. ५ टक्के धरले, चक्रवाढीनं, सत्तावीस वर्षांचे. उरलो ८७ टक्के. शाळेच्या हिशेबानं अजून विशेष प्रावीण्यात. आणि वजनाचा व्यायाम चालू ठेवला तर ही घट बरीच रोखता येते, म्हणून पूर्ण सोडूही नका, असं डॉक्टरांनीच बजावलं होतं. म्हणजे सोडायचं पण सोडायचं नाही. असा निकाल ऐकायला मी नांदेडपर्यंत गेलो होतो.

आमच्या तालमीच्या भिंतीवर तेव्हा परदेशी पैलवानांची चित्रं होती. आता पोरं मोबाइलवर रॉनी कोलमन बघतात. १९९८ ते २००५ आठ वेळा मिस्टर ऑलिम्पिया, खांद्यावर ८०० पौंड म्हणजे ३६० किलोंच्या वर घेऊन बैठका मारलेला माणूस. आज पाठीच्या आणि खुब्याच्या कितीतरी शस्त्रक्रियांनंतर तो कुबड्या घेऊन चालतो. केल्याचा पस्तावा नाही म्हणतो. दुसरीकडं बंगालचे मनोहर आईच, उंची जेमतेम चार फूट अकरा इंच. १९५२ साली मिस्टर युनिव्हर्सचा किताब घेतला आणि १०४ वर्षं जगून २०१६ साली गेले. मी या दोघांच्या मध्ये कुठं बसतो, ते शोधतोय. उंचीनं आईच यांच्या जवळ आहे.

पण मला खरं सतावत होतं ते दुखणं नव्हे. कुस्तीत उतारवयाला पद आहे. पैलवानाचे गुडघे गेले, कान चुरगळले, की तो आखाड्याच्या कडेला बसतो आणि वस्ताद होतो. आमच्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार बघा. १९६९ चे महाराष्ट्र केसरी. पुढं पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरं घडवली आणि सगळा मुलूख त्यांना मामा म्हणू लागला. खेळ सुटला तेव्हा मान वाढला. बॉडीवाल्याला असलं काही नाही. त्याची बॉडी उतरली की 'एके काळी' एवढाच शब्द उरतो. तो शब्द लोक तुमच्या तोंडावर म्हणत नाहीत, पोटाकडं बघून म्हणतात.

कुणी म्हणालं, चाळिशीवरच्यांसाठी 'मास्टर्स' गट असतो, त्यात उतरा. म्हटलं, मास्तर तर मी तीस वर्षांपासून आहे, त्यासाठी पुन्हा खोबरेल कशाला.

नाव मात्र अंगावरून उतरत नाही. गावात लग्न निघालं, कपाट चढवायचं असलं की "पैलवान, जरा हात लावा". गॅसची टाकी आली, "पैलवान आहेतच की". सुरुवातीला मी बूट बांधायला खाली वाकायचो आणि कपाट वर जाईपर्यंत तसाच वाकून राहायचो. आता एक वेगळी कला साधलीय. जिन्यात वर जाऊन उभं राहायचं आणि मोठ्यानं ओरडायचं, "डावीकडं घ्या, डावीकडं, भिंतीला लागंल." चार माणसं घाम गाळतात आणि शेवटी चहाच्या वेळी म्हणतात, पैलवान होते म्हणून झालं.

व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट माझ्या लेकीएवढी. तिनं हातात पिवळं रबर दिलं. माझी बाराव्या वर्षीची बेचकी याहून दणकट होती. "काका," ती म्हणाली, "वर नेताना नाही, खाली आणताना हळू. स्नायू उचलतो त्यापेक्षा जास्त ओझं उतरवताना पेलू शकतो." हे मला अडतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या तालमीत डबा वर गेला की काम झालं. खाली तो धाडकन सोडायचा. जमीन हादरली पाहिजे, शेजारच्या म्हातारीनं शिवी दिली पाहिजे, त्याशिवाय सेट पुरा झाला असं वाटायचंच नाही. आता मी रबर पाच आकडे मोजत खाली आणतो आणि घाम फुटतो.

दुसरा व्यायाम भिंतीचा. भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं आणि जिथं थांबेल तिथं पेन्सिलीची खूण करायची. त्याच भिंतीवर नातीच्या उंचीच्या खुणा आहेत. ती चार वर्षांची. पहिल्याच दिवशी तिनं माझी खूण बघितली आणि विचारलं, "आबा, तू पण मोठा हू लालास का?" मी हो म्हणालो. मग रोज संध्याकाळी ती स्टुलावर उभी राहून माझी मोजणी घेते, कमी भरलं तर "उद्या" म्हणते आणि पेन्सिल कानावर ठेवते.

गावात आता खरी जिम झालीय. आरसे, गाणी, चकचकीत प्लेटा, दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या. मी आठवड्यातून तीनदा जातो, हलकं काही करतो. पोरं विचारतात, "सर, तुमच्या टायमाला प्रोटीन कोणतं होतं?" हरभरे म्हटलं की हसतात. त्यांना मी सांगतो, आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी शक्ती' नावाची ज्वारी २०१८ पासून आहे, हैदराबादच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेबरोबर काढलेली, साध्या ज्वारीपेक्षा लोह आणि जस्त जास्त. हातातलं लोखंड सुटलं तर भाकरीतून खावं. ते मान डोलावतात आणि हजारो रुपयांच्या डब्यातली पावडर ढवळतात. मग त्यातला एक जण रॉडखाली जातो, आणि मला वाटतं आता हा म्हणणार, सर, मागं उभं राहा, सपोर्ट द्या. तो मोबाइल माझ्या हातात देतो. "सर, व्हिडिओ घ्या ना. आडवा धरा." मी धरतो. उजव्या हातानं, खांद्याच्या रेषेत, पाच आकडे.

चार महिन्यांनी एका सोमवारी वर्गात गेलो आणि फळ्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात दिनांक लिहिला. जरा वाकडा आला. मागच्या बाकावरून कुणी काही बोललं नाही. पण मधल्या सुट्टीत बघितलं, तर त्या पोरीनं आपल्या वहीतही दिनांक तिथंच, तसाच वाकडा लिहिला होता.

येत्या मे अखेर नोकरीतून निवृत्त होतोय. शाल, नारळ, दोन भाषणं ठरलेली आहेत. या खेपेला तरी नारळ मलाच मिळेल. सिमेंटचा तो डबा बायको कधीची फेकून द्या म्हणत होती. शेवटी पाईप कापला. १९ किलोची बाजू गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावली आणि २२ ची अंगणात ठेवून तिला शेळी बांधली. परवा सकाळी उठून बघतो तर शेळीनं तो डबा ओढत पार बाभळीपर्यंत नेला होता.