आधी विचारा, लाईट कधी येते?

मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात, फोपनारसारख्या केळीच्या गावात झोप लाईटच्या वेळेवर ठरते. शेतीच्या फीडरला रात्रीची पाळी आली की मोटर लावायला, ठिबकचा व्हॉल्व्ह बदलायला घरातल्या कुणाला तरी उठावंच लागतं. उन्हाळ्यात केळीला पाण्याचा खाडा चालत नाही. तिकडे बऱ्हाणपूर शहरात पावरलूमची रात्रपाळी. आणि घरोघरच्या बायका सगळ्यांच्या मागून आडव्या होतात, सगळ्यांच्या आधी उठतात. मग सकाळी अर्धं डोकं ठणकू लागलं की ऐकावं लागतं: ऊन लागलं असेल, पित्त असेल, नाहीतर कामाचा कंटाळा असेल.

हे बोलणं आता बंद झालं पाहिजे. अर्धशिशी हा मेंदूचा आजार आहे, ते सोंग नाही. उपचार मिळाला नाही तर एक झटका ४ पासून ७२ तासांपर्यंत टिकतो. मळमळतं, उलटी होते, उजेड आणि आवाज सोसत नाही. बायकांमध्ये तो पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो.

अपुरी झोप हे या झटक्याचं एक ठळक निमित्त. झोप मोडली की डोकं उठतं आणि डोकं उठलं की पुन्हा झोप मोडते. झोपेचं घड्याळ सांभाळणारा मेंदूतला हायपोथॅलॅमस अर्धशिशीतही गुंतलेला असतो. म्हणून चार रात्री जागायचं आणि पाचव्या दिवशी दुपारपर्यंत लोळायचं, यानं भरपाई होत नाही. जास्तीची झोपही झटका आणू शकते. या मेंदूला रोजची ठरलेली वेळ लागते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जुनाट अर्धशिशीच्या स्त्रियांना झोपेच्या सवयी बदलायला शिकवलं. त्यांच्यापैकी अनेकींचे डोकेदुखीचे दिवस कमी झाले.

आपल्याकडे मात्र उपाय म्हणजे किराणा दुकानातली गोळी. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा त्याहून जास्त दिवस, असे तीन महिने घेत राहिलं, तर ती गोळीच डोकेदुखी वाढवू लागते. आणि एकाएकी कधी नव्हे इतकं डोकं फुटायला लागलं, हातपाय लुळे पडले, बोबडी वळली किंवा तापासोबत मान ताठरली, तर ही अर्धशिशीच असं समजून घरी बसू नका. तडक दवाखाना गाठा.

डॉक्टरांना एक विनंती. अर्धशिशीचा रुग्ण समोर आला की काय खाल्लं, यासोबत रात्री किती वेळा उठलात हेही विचारा. घरच्यांनो, ज्याला हा त्रास आहे त्याची रात्रीची पाळी दुसऱ्यानं उचला. सासूबाई, सुनेला सात तास झोपू द्या. तो आळस नव्हे, औषध आहे.

आणि सरकारला सरळ सांगणं. गुजरातनं २०२० मध्ये शेतीला दिवसा वीज देण्याची योजना सुरू केली, महाराष्ट्रातही सौर फीडरची कामं त्यासाठीच चालू आहेत. दिवसा ऊन असतं, सौर वीजही तेव्हाच तयार होते. तापीकाठच्या शेतकऱ्याला ती दिवसाच द्या. दिवसाच्या विजेची मागणी आजवर साप-विंचवाच्या भीतीनं केली गेली. ती रास्तच आहे. आता त्या अर्जात झोपेचाही मुद्दा लिहा आणि खाली आरोग्य विभागाचीही सही घ्या.